फॉरवर्ड केल्याने आजारी मुलाला पैसे मिळतात का?

‘या बाळाला कर्करोग आहे. मेसेज पुढे पाठवा, प्रत्येक फॉरवर्डमागे रुग्णालयाला मदत मिळेल.’ पुढे पाठवणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून तर असा मजकूर इतकी वर्षं टिकला. १९९०च्या दशकात तो ईमेलवरून फिरायचा.

पैसे मात्र मिळत नाहीत. ते द्यायचे तर आधी कोणीतरी फॉरवर्ड मोजायला हवेत. एन्क्रिप्टेड चॅटमधला मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. मधल्या कोणाला तो वाचताच येत नाही, मग मोजणार कोण? शिवाय रक्कम कोण देणार, कोणत्या खात्यात, कधीपर्यंत, याचा मेसेजमध्ये पत्ता नसतो.

खात्री करायला फोटो इमेज सर्चमध्ये, म्हणजे फोटोवरून इंटरनेटवर शोध घेणाऱ्या सोयीत, टाका. अनेकदा तोच चेहरा दुसऱ्या नावाने, दुसऱ्याच आजाराखाली, कित्येक वर्षं जुन्या तारखेसह सापडतो. ते कोणाचं तरी खरं मूल असतं, आणि त्याच्या आईवडिलांना कोणी विचारलेलंही नसतं. मनाला सर्वात जास्त लागतं ते हेच.

मदत करायचीच असेल तर रुग्णालयाच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून देणगीचं पान उघडा. निधी गोळा करायला स्वयंसेवक आला तर ओळखपत्र बघा, पावती घ्या आणि रुग्णालयात फोन करून विचारा. नंबर वेबसाइटवरचाच घ्या, मेसेजमधला नको.