ईसॉप म्हणजे खिशातले शेअर नव्हेत

नाशिकला कॉलेज रोडवर चहा पिताना हमखास कानावर येतं, ‘ईसॉप मिळालेत, आता नोकरी सोडली तरी शेअर आपलेच.’ तसं नसतं. ईसॉप म्हणजे कंपनी कर्मचाऱ्याला देते तो तिचे शेअर ठरल्या भावाने घेण्याचा हक्क, आणि तोही वापरता येतो कायद्याने किमान 1 वर्षानंतर.

समजा 4 वर्षांत 1,000 शेअरचा हक्क, दरवर्षी 250 शेअरचा पक्का होणारा. अडीच वर्षांनी राजीनामा दिलात, तर 500 सहसा बुडाले. उरलेले 500 योजनेतल्या मुदतीत ठरल्या भावाने, समजा 50 रुपयांनी, घ्यायचे, म्हणजे 25,000 आधी भरा. तेव्हा शेअर 300 चा असेल, तर फरकाचे 1,25,000 पगारात धरून कर, शेअर विकला नसला तरी! आणि पुढचे 250 बुडू नयेत म्हणून तर लोक पुढच्या टप्प्यापर्यंत कळ काढतात.

आणि त्याच कंपनीत परतलात? बुडालेले आपोआप जिवंत होत नाहीत. नवं पत्र, बहुधा नवा भाव, मोजणी पहिल्या दिवसापासून.