पॉलिप्रॉपिलीन संमिश्रांतील स्फटिकीभवन

पॉलिप्रॉपिलीन (पीपी) या अर्धस्फटिकी बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) तंतू किंवा फिलर (भर घालायची भुकटी) मिसळल्यावर, वितळलेला माल थंड होताना स्फटिक कोठे व किती वेगाने वाढतात यात पडणारा फरक. सातारा, कुपवाड, मिरज येथील औद्योगिक वसाहतींतल्या मोल्डिंगवाल्यांपुढे हा विषय बहुधा जॉब (साच्यातून निघालेला भाग) वाकला किंवा माप चुकले की येतो.

स्फटिकांचे अंतिम प्रमाण फिलरमुळे सहसा फारसे हलत नाही. बदलतो तो वेग आणि केंद्रकांची, म्हणजे स्फटिक जिथून वाढू लागतात त्या बिंदूंची, जागा. साधे आयसोटॅक्टिक (साखळीची रचना एकसारखी असलेले) पीपी मिनिटाला 10° से. या गतीने थंड केल्यास सुमारे 110–115° से.ला गोठते. थोडा टाल्क (शंखजिरे) घातला की हेच तापमान 120° से.च्या पुढे जाते, कारण टाल्कच्या पापुद्र्याच्या सपाट पृष्ठावर पीपीचे α-स्फटिक (त्याचे नेहमीचे रूप) चांगले रुजतात. कॅल्शियम कार्बोनेट यात दुबळे. स्टिअरिक आम्लाचा लेप दिल्यावर अधिकच. मात्र पिमेलिक आम्लाने प्रक्रिया केलेले कार्बोनेट β-स्फटिक, म्हणजे दुसरे रूप, वाढवते. ते सुमारे 150° से.ला, म्हणजे α-रूपाच्या आधी, वितळतात आणि आघात अधिक सोसतात.

तंतूभोवती केंद्रके दाटीने रुजली, तर स्फटिकांना बाजूला पसरायला जागा उरत नाही. ते तंतूला काटकोनात वाढून नळीसारखा ट्रान्सक्रिस्टलाइन थर होतो. अशा थराचे वर्णन 1952 च्या सुमारास येंकेल व सहकाऱ्यांनी केले. त्याच्या कारणाबद्दल एकमत नाही. पृष्ठाची रासायनिक रचना, स्फटिकजालींचा मेळ, खडबडीतपणा, तंतू व बहुवारिक यांच्या उष्णतावहनातील तफावत अशी कारणे मांडली गेली. टॉमसन व व्हान रूयेन यांनी 1992 मध्ये थंड होताना तंतूलगत साचणाऱ्या ताणावर भर दिला. व्हार्गा व कार्गर-कोचिश यांच्या प्रयोगांत वितळलेल्या पीपीतून काचतंतू ओढला की कर्तनामुळे (वितळाचे थर एकमेकांवर सरकल्यामुळे) α-केंद्रकांची रांग तयार होते आणि तिच्यावर β-स्फटिक वाढतात. स्थिर वितळात काच सहसा थर देत नाही. ग्राफाइटी कार्बन, अरामिड (केव्हलरसारखे तंतू) व सेल्युलोज देतात. सेल्युलोजच्या पृष्ठाचे एस्टरीकरण केल्यास थर विरळ होतो. त्यामुळे एकच कारण सर्व तंतूंना लावण्यापेक्षा सेल्युलोजसाठी पृष्ठरचना आणि काचेसाठी कर्तन व ताण मानणे अधिक सयुक्तिक दिसते. थर दिसला म्हणजे चिकटण्याची ताकद वाढलीच, हा निष्कर्षही सरसकट काढता येत नाही.

डीएससी (तापवताना नमुना घेतो ती उष्णता मोजणाऱ्या) चाचणीतून स्फटिकांचे प्रमाण काढतानाची नेहमीची चूक म्हणजे फिलरचे वजन न वगळणे. 30% काच असलेल्या नमुन्याची वितळण-उष्णता 66 जूल/ग्रॅम आली, तर 207 ने थेट भागल्यास 32% मिळते. खरा भाजक 207 × 0.7, उत्तर सुमारे 46%. 207 (जूल/ग्रॅम) हा पूर्ण स्फटिकी पीपीच्या वितळण-उष्णतेचा प्रचलित आकडा आहे. काही अभ्यासक वेगळा घेतात, म्हणून अहवालात तो नोंदवावा.

ग्लास फिल्ड (काचतंतू मिसळलेले) पीपी प्रवाहाच्या दिशेने कमी व आडवे जास्त आकसते. जॉब वाकण्याचे हे मुख्य कारण. मोल्ड दोन्ही बाजूंनी सारखा थंड नसेल तर वाक वाढतो, आणि मोल्ड फार थंड ठेवल्यास उरलेले स्फटिकीभवन साठवणुकीत होऊन माप घटते. टाल्कमुळे गोठणे लवकर होते, सायकल टाईम कमी होतो. पण पातळ भागात माल पोचण्याआधी गेट (मोल्डमध्ये माल शिरण्याचे तोंड) गोठून जॉब अर्धवट भरू शकतो.

कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांतील उसाचे चिपाड, म्हणजे बगॅस, हा सेल्युलोजी तंतूच. त्यातला भुगा चाळून काढावा, तंतू 80–100° से.ला वाळवावेत आणि वितळ 200° से.च्या वर नेऊ नये, नाहीतर माल करपतो व वास धरतो. मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पीपी काही टक्के घातल्यास तंतू बहुवारिकाला धरतो.