धर्म, राज्य आणि कोकण किनारा: लोकमतामागचा इतिहास

देवस्थानाच्या कारभारात सरकारनं पडावं का, असं पेडणे किंवा सावंतवाडीत विचारलं, तर बहुतेक जण ‘नको’ म्हणतील. पण एखाद्याला जातीवरून देवळात अडवलं, तर कायद्यानं मध्ये पडलंच पाहिजे, असंही त्यांतलेच अनेक जण म्हणतील. मला यात विसंगती वाटत नाही. धर्म आणि राज्य एकाच हातात गेलं की काय होतं, हे या किनाऱ्यानं फार जवळून पाहिलं आहे.

पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. 1540 पासून आधी तिसवाडी, मग बार्देश आणि सासष्टीत देवळं पाडली गेली, त्यांच्या जमिनी चर्चकडे वळवल्या गेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा या देवता जुवारी नदी ओलांडून फोंड्याच्या बाजूला नेल्या गेल्या, कारण तिथं तेव्हा पोर्तुगीज सत्ता नव्हती. 1560 साली आलेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, कायमचं बंद व्हायला 1812 उजाडलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे प्रदेश पोर्तुगिजांकडे गेले, तेव्हा तिथल्या लोकांना देवळं आणि चालीरीती राखण्याचं आश्वासन मिळालं. गोव्यातली मोठी जुनी देवळं आज प्रामुख्यानं याच भागात का दिसतात, त्याचं उत्तर इथं आहे. तरी 1826 च्या पोर्तुगीज सनदेनुसार राज्याचा धर्म कॅथलिकच राहिला.

खरा बदल लिस्बनहून आला, आणि तो गोव्यातल्या हिंदूंसाठी मुद्दाम केलेला नव्हता. 5 ऑक्टोबर 1910 ला तिथं राजेशाही गेली. नव्या प्रजासत्ताकाचा रोख चर्चच्या सत्तेवर होता. नागरी विवाह आणि घटस्फोटाचे कायदे झाले, आणि 20 एप्रिल 1911 ला चर्च राज्यापासून वेगळं करणारा कायदा आला. त्याचा लाभ गोव्यातल्या हिंदूंना झाला. नागरिक म्हणून बरोबरीचं स्थान मिळालं, सरकारी नोकरीची दारं उघडली, शाळा, वाचनालयं आणि मराठी वृत्तपत्रांना मोकळीक आली. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं ‘भारत’ 1912 चं. ज्या घरांत ही आठवण आहे, तिथं धर्मनिरपेक्षता हा दिल्लीहून आलेला विचार वाटत नाही. चर्चशी जोडलेल्या कुटुंबांना तोच काळ वेगळा आठवतो, आणि तेही समजून घ्यायला हवं.

ही मोकळीक टिकली नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत 1930 च्या वसाहत कायद्यानं कॅथलिक मिशनांना पुन्हा राज्याचा आधार दिला आणि 1940 मध्ये व्हॅटिकनशी करार झाला. पुढे चर्चमध्ये लागलेल्या लग्नांसाठी वेगळी कायदेशीर व्यवस्था आली. देवळांसाठी 1933 चं देवस्थान नियमन आलं. त्यात महाजनांची, म्हणजे देवळावर वंशपरंपरेनं हक्क असलेल्यांची नोंद, निवडून आलेली समिती आणि वर देखरेखीला मामलेदार, अशी रचना ठरली.

तेरेखोल नदीच्या अलीकडची, म्हणजे महाराष्ट्रातल्या कोकणाची वाट निराळी. इथं देवळांचा कारभार गावऱ्हाटीचा, म्हणजे गावाच्या परंपरागत व्यवस्थेचा: गावकर, मानकरी, रवळनाथ-सातेरी या ग्रामदेवतांचे मानपान. ही व्यवस्था गाव बांधून ठेवते, पण कोणाला कुठं उभं करायचं हेही तीच ठरवत आली. म्हणून रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या खर्चानं 1931 साली सर्व जातींसाठी खुलं झालेलं पतितपावन मंदिर मला फार मोलाचं वाटतं. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा 1947 मध्ये आला. 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्यानं देवस्थानांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांपुढे आणले. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा बव्हंशी उचलून धरला, मात्र आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली. हिशेब तपासणं आणि देवाचा कारभार हातात घेणं यांतला हा फरक मला योग्य वाटतो.

1961 मध्ये पोर्तुगीज गेले, 1933 चं नियमन मात्र राहिलं. गोव्यातल्या देवस्थानांच्या निवडणुका आजही त्याच चौकटीत होतात. महाजनपद घराण्यानं मिळतं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहून देवाची सेवा करणाऱ्यांना अनेक ठिकाणी मताचा अधिकार नाही. हा वाद वाढला की दोन्ही बाजूंचे लोक अर्ज घेऊन मामलेदाराकडेच जातात.