प्रोग्रॅमेबल तापमान ट्रान्समीटर

तापमान संवेदकाचा क्षीण विद्युत संकेत घेऊन त्याचे दूरवर बिनचूक पोहोचणाऱ्या प्रमाणित संकेतात, बहुधा ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहात, रूपांतर करणारे औद्योगिक उपकरण. संवेदकाचा प्रकार, मापनाची कक्षा आणि संवेदक तुटल्यावरचे वर्तन या तिन्ही गोष्टी त्यात वापरणाऱ्याला ठरवता येतात. सांगली जिल्ह्यात साखराळे, कुंडल येथे साखर कारखाने, भिलवडीस दूधप्रक्रिया आणि सांगली-तासगाव भागात बेदाण्याची शीतगृहे आहेत. या तिन्ही उद्योगांत मालाची प्रत तापमानावर अवलंबून असल्याने या उपकरणाचा विचार येथे स्थानिक उदाहरणांसह केला आहे.

पीटी-१०० या प्लॅटिनमच्या तारेच्या संवेदकाचा रोध ०° से.ला १०० ओहम आणि १००° से.ला सुमारे १३८.५ ओहम असतो. म्हणजे एका अंशामागे जेमतेम ०.३९ ओहमचा फरक पडतो, आणि दोन तारांच्या जोडणीत केबलचाच रोध एक ओहम भरला तर तापमान अडीच अंशांनी जास्त दिसते. म्हणूनच तीन किंवा चार तारांची जोडणी वापरतात. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये (दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून केलेल्या संवेदकात) अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात, पण तेही दोन टोकांतील तापमानफरकाचे. त्यामुळे ट्रान्समीटरला स्वतःच्या टर्मिनलचे तापमान मोजून त्याची भर घालावी लागते. संवेदकाच्या हेडमध्येच (माथ्यावरच्या डबीतच) ट्रान्समीटर बसवला की पुढचा प्रवास प्रवाहाच्या रूपाने होतो, आणि एकसरी जोडणीत प्रवाह सर्वत्र सारखाच असल्याने केबलच्या लांबीचा मापनावर परिणाम होत नाही. त्याच दोन तारांतून उपकरणाला साधारण २४ व्होल्टचा पुरवठाही मिळतो.

पूर्वीच्या ट्रान्समीटरची कक्षा ठरलेली असे किंवा स्क्रू फिरवून थोडीफार बदलता येई. आता ती संगणकाने किंवा हातातल्या कम्युनिकेटरने भरतात. १९८०च्या दशकात आलेल्या हार्ट या अंकीय संदेशवहनाच्या पद्धतीत १,२०० व २,२०० हर्ट्झचे संकेत त्याच प्रवाहावर आरूढ होतात. त्यांची सरासरी शून्य असल्याने मूळ मापन ढळत नाही.

भांडारात एकच नग ठेवून तो कोठेही बसवता येतो, ही मोठी सोय. परंतु कक्षा ट्रान्समीटरमध्ये आणि आकडा दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये अशी दोन ठिकाणी लिहिलेली असते, हे विसरले की हीच सोय घातक ठरते. निवळणीपूर्वी उसाचा रस सुमारे १०२° से.पर्यंत तापवतात. कक्षा ०-१२०° से. असेल तर त्याला १७.६ मिलिअँपिअर मिळतात. गळीत हंगामाच्या घाईत बदललेला नग ०-२०० कक्षेचा निघाला, तर त्याच रसाला १२.१६ मिलिअँपिअर येतात आणि जुन्याच मापाने वाचणारे पॅनेल ६१° दाखवते. नियंत्रक वाफ वाढवत राहतो. उपकरण अचूक, पॅनेलही अचूक, तरी आकडा खोटा. म्हणून प्रत्येक नगाची कक्षा त्याच्या टॅग क्रमांकासह (ओळखीच्या पट्टीवरील क्रमांकासह) नोंदवून ठेवणे अचूकतेच्या दर्जापेक्षाही महत्त्वाचे मानावे.

संवेदक तुटला तर प्रवाह वर न्यायचा की खाली, हा निर्णयही तितकाच गंभीर आहे. रूढ संकेतानुसार ३.६ मिलिअँपिअर वा त्याखालील आणि २१ वा त्यावरील प्रवाह बिघाड दर्शवतो. वाफेच्या झडपेचे नियंत्रण करणाऱ्या संवेदकासाठी 'वर' योग्य, कारण तापमान जास्त भासून झडप मिटते. दूध पाश्चरायझरमध्ये मात्र ७२° से.ला १५ सेकंद न तापलेले दूध मागे वळवणाऱ्या झडपेचा संवेदक 'खाली' ठेवावा लागतो. तो चुकून 'वर' ठेवला, तर तार तुटल्यावर कच्चे दूध पक्के समजून पुढे जाईल. एकाच यंत्रावर दोन शेजारच्या हेडमध्ये अशा परस्परविरुद्ध जुळण्या असू शकतात. त्या तपासण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे यंत्र बंद असताना संवेदकाची तार सोडून प्रवाह कोणत्या बाजूला जातो आणि झडप काय करते, हे प्रत्यक्ष पाहणे.