दणकट पाठ वेगळी, स्थिर कणा वेगळा

गेल्या हंगामात मालवणकडचे एक रापणकार काका, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने मोठं जाळं (रापण) ओढून मासे धरणारे, दोघांच्या आधाराने माझ्याकडे आले. पाठीत उसण भरली होती. आश्चर्य म्हणजे दोर ओढताना काही झालं नव्हतं, त्या दिवशी रापण लागलीच नव्हती. सकाळी न्हाणीत वाकून तांब्या उचलला आणि कंबर तिथेच धरली. टेबलावर पालथे झोपले तेव्हा कण्याच्या दोन्ही बाजूंना मनगटाएवढे दोन जाड वळ दिसत होते. मी म्हटलं, "काका, वरची पाठ तुमची दगडासारखी आहे, पण आतली ढिली पडलीय."

"ढिली कशी म्हणतास ताई? वीस वर्सां रापण वडतंय मी."

त्यांची शंका रास्त होती. फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मला सतत भेटतो. आंब्याच्या पेट्या वाहणारे, चिरेखाणीवर राबणारे, जिममध्ये जाणारी तरुण मुलं, सगळ्यांना वाटतं की पाठीत ताकद असली की कणा सुरक्षित. पण ताकद हे एका स्नायूंचं काम आणि कणा जागच्या जागी धरून ठेवणं हे बऱ्याच अंशी दुसऱ्या स्नायूंचं. दोन्ही पाठीतच आहेत आणि एकमेकांना चिकटून आहेत, म्हणून गल्लत होते.

काकांच्या पाठीवर जे वळ दिसत होते ते इरेक्टर स्पायनी हे स्नायू. त्यांना रापणीचा दोर समजा. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कमरेचं हाड इथून ते निघतात, त्यांचे लांब धागे बरगड्यांपर्यंत आणि काही थेट कवटीच्या बुडापर्यंत जातात. वाकलेलं शरीर सरळ करायचं, टाचा वाळूत रोवून मागे रेलायचं, ओझं उचलायचं, ही त्यांची कामं. आरशात दिसतात तेच आणि हाताला लागतात तेही तेच.

त्यांच्या खाली, हाडाला चिकटून, मल्टिफिडस हा स्नायू असतो. त्याला मी गडग्यातल्या चिपा म्हणते. जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेलं कुंपण, रचताना कधी जवळ उभं राहून बघा. मोठे दगड कोणीही एकावर एक ठेवील. पण जाणता माणूस दगड ठेवल्यावर तो हाताने हलवून बघतो, डुगडुगला की बोटभर चीप शोधून फटीत ठोकतो, पुन्हा हलवतो. गडगा वर्षानुवर्षं उभा राहतो तो या चिपांवर. मल्टिफिडसचे धागे असेच आखूड असतात. एका मणक्याच्या मागच्या टोकापासून निघून दोन ते चार मणके खाली जाऊन ते चिकटतात. कमरेच्या अगदी तळाशी, पाचवा मणका जिथे त्रिकोणी हाडावर बसतो तिथे, हा स्नायू सर्वांत जाड असतो. आखूड पण अतिशय दाट धाग्यांचा असल्यामुळे तो फार हालचाल करू शकत नाही, मात्र धरून ठेवायला त्याच्यासारखा दुसरा नाही. माणूस पुढे वाकतो तेव्हा तो ताणला जातो, आणि ताणल्यावर त्याचा जोर कमी न होता वाढतो. म्हणजे वाकताना, जिथे आधाराची गरज जास्त, तिथेच तो जास्त कामाला येतो.

नुसता दोर का पुरत नाही? स्नायू काढून टाकलेल्या, फक्त हाडं, मणक्यांमधल्या गाद्या आणि अस्थिबंध (हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे) उरलेल्या कमरेच्या कण्यावर प्रयोगशाळेत वजन ठेवून पाहिलं आहे. सुमारे 9 किलोला तो लचकून वाकतो. पाण्याची पाऊण बादली! त्याच कण्यावर आपण पन्नास किलोचं पोतं घेतो, ते स्नायूंच्या जिवावर. पण वरून खालपर्यंत जाणारा दोर फक्त टोकांना ताणला, तर मधला एखादा मणका केसभर सरकायची भीती उरतेच. तो मणका तिथल्या तिथे धरायला चिपाच लागतात. मनोहर पंजाबी या संशोधकाने 1992 मध्ये कण्याची स्थिरता तीन गोष्टींवर उभी आहे असं मांडलं: हाडं-गाद्या-अस्थिबंध, स्नायू, आणि त्या स्नायूंना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था. यातला 'वेळेवर' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण काकांचा तांब्या इथेच समजतो. रापणीचा दोर हातात घेताना शरीराला माहीत असतं की ओढ मोठी आहे. ओढ लागायच्या आधीच पोट, पाठ, ढुंगण सगळं आवळून तयार होतं. तांब्याला कोण तयारी करतो? झोपेतून उठलेलं शरीर, मन दुसरीकडे, हुकूम क्षणभर उशिरा पोचला की एका सांध्यावर नको तेवढा भार येतो. त्यात सकाळी मणक्यांमधल्या गाद्या रात्रभर पाणी शोषून फुगलेल्या असतात, वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. म्हणून पाठ दुखणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, उठल्यावर पहिला तासभर कमरेतून वाकू नका. न्हाणीतली बादली स्टुलावर ठेवा.

आता या तुलनेतला सर्वांत फसवा भाग. उसण भरली की दोन-चार आठवड्यांत बहुतेकांचं दुखणं थांबतं आणि आपण म्हणतो, बरं झालं. ऑस्ट्रेलियातल्या ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये सोनोग्राफीने दाखवलं की पहिल्यांदा उसण भरलेल्यांचा मल्टिफिडस दुखऱ्या बाजूला, दुखऱ्या मणक्यापाशीच, बारीक झालेला असतो. 1996 मध्ये त्यांनी दाखवलं की दुखणं गेल्यावरही तो आपोआप भरून येत नाही. ज्यांनी खास व्यायाम केला नाही त्यांचा 10 आठवड्यांनीही भरला नव्हता. त्याच 39 जणांकडे वर्षभराने पुन्हा चौकशी केली, तर व्यायाम केलेल्यांपैकी 30 टक्क्यांना आणि न केलेल्यांपैकी 84 टक्क्यांना पुन्हा त्रास झाला होता. अभ्यास छोटा आहे, पण "दर वर्षी एकदा तरी पाठ धरतेच" हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की ते आकडे मला ओळखीचे वाटतात. दोर पुन्हा ओढता येतो, चीप मात्र निसटलेलीच असते.

काकांच्या पाचव्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना मी अंगठे टेकवले आणि एकेक हात जरासा वर उचलायला सांगितला. उजवा हात उचलला तेव्हा डाव्या अंगठ्याखाली काहीतरी हळूच भरून वर आलं. डावा उचलला तेव्हा उजवा अंगठा मऊ जागेत तसाच राहिला. त्यांच्या मुलीला तिथे बोट ठेवायला लावलं, तिलाही फरक कळला.

व्यायामाची सुरुवात त्याच जागेपासून केली. पालथं झोपून स्वतःची बोटं तिथे टेकवायची आणि कणा न हलवता बोटांखालचा स्नायू हळूच फुगवायचा, श्वास चालू ठेवून, दहा आकडे. जोर लावला की वरचा दोर धावून येतो आणि आतला पुन्हा झोपतो. वीस वर्षं जोर लावूनच जगलेल्या माणसाला 'कमी जोर लाव' हे शिकवणं फार कठीण गेलं. चार दिवस गेले त्यात.

मग रांगण्याची बैठक. दोन हात, दोन गुडघे जमिनीवर. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, पाठीच्या रेषेत. सात-आठ सेकंद धरायचं, खाली यायचं, बाजू बदलायची. वेळ वाढवण्यापेक्षा फेऱ्या वाढवायच्या. कमरेच्या खळग्यात मी नारळाची करवंटी ठेवते, अर्धी पाण्याने भरून. करवंटीचं बूड गोल, कंबर जरा कलली तरी पाणी सांडतं. पहिल्या दिवशी काकांची पाठ भिजली. जिममध्ये 'बॅकचे' म्हणून जे व्यायाम घेतात, किंवा पालथं पडून छाती आणि पाय एकदम वर उचलतात, त्यात मुख्यतः दोरच राबतो. तो राबवणं वाईट नाही. पण नुकतीच पाठ धरलेल्या माणसाने तिथून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे.

भातलावणीच्या बायकांची गोष्ट थोडी निराळी. पूर्ण वाकल्यावर एका टप्प्यानंतर वरचे स्नायू काम थांबवतात आणि भार अस्थिबंधांवर टांगला जातो. तरवा (भाताची रोपं) काढताना, लावताना तासन्‌तास हेच चालतं. अस्थिबंध हळूहळू ताणून सैल पडतात आणि सरळ उभं राहिल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. तेव्हा मळ्यातून वर आल्या आल्या तरव्याचा भारा डोक्यावर घेऊ नका. आधी कमरेवर हात ठेवून उभ्या राहा, हळूच मागे झुका, बांधावर दोन-चार मिनिटं चाला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुनाट पाठदुखीत फक्त आतल्या स्नायूंचे व्यायाम इतर व्यायामांपेक्षा फार सरस ठरतात असं दिसलेलं नाही. 2016 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासून हेच म्हटलं. दोर आणि चिपा प्रत्यक्षात एकत्रच काम करतात, एकाला पूर्ण वेगळं काढून व्यायाम देता येत नाही. म्हणून आतला स्नायू जागा झाला की मी पुढे ओझ्यावर येतेच: ढुंगण मागे नेऊन गुडघे वाकवून पेटी उचलणं, आधी रिकामी, मग अर्धी, मग भरलेली.

पायात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, दोन मांड्यांमधली, बैठकीची जागा सुन्न होणं, ताप, किंवा झाडावरून पडल्यावरचं दुखणं असेल तर यातलं काहीही करत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. "मणक्यात गॅप आहे" एवढंच कोणी सांगितलं असेल तर मात्र घाबरून अंथरूण धरू नका. तशी गॅप न दुखणाऱ्या कित्येकांच्या फोटोतही दिसते.

काका नवव्या आठवड्यात पुन्हा किनाऱ्यावर गेले. दोराला हात लावायच्या आधी ते वाळूत रांगण्याच्या बैठकीत बसले, तेव्हा रापणीवरची पोरं हसली म्हणे. मागच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, करवंटी अर्धी भरायची ती आता पूर्ण भरली तर चालेल का. मी अंगठे टेकवून बघितलं. उजवी बाजू डावीएवढी अजून नाही, पण भरत आली आहे. म्हटलं, "चालेल, काठोकाठ भरा."