बेर आणि मिरार

स्पॅनिशमध्ये डोळ्यांच्या कामासाठी रोज वापरली जाणारी दोन क्रियापदे. बेर म्हणजे दिसणे, मिरार म्हणजे नजर वळवून बघणे. बाहेर धुके दाटले की माणूस म्हणतो, 'मिरो पोर ला बेन्ताना, पेरो नो बेओ नादा': खिडकीतून बघतोय, पण काहीच दिसत नाही.

बेर लॅटिन 'विदेरे'वरून आले. आपल्या 'वेद'मधला विद् धातू त्याचाच भाऊबंद. मिरार 'मिरारी'वरून, म्हणजे नवल करणे. त्याचे नाते 'विस्मया'तल्या स्मि धातूशी जोडतात.

दिसणे आणि बघणे हा भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. तो अडखळतो सिनेमापाशी. 'काल सिनेमा पाहिला' म्हणताना 'पाहिला'साठी मिरार तोंडात येते. स्पॅनिश मात्र बेर घेते: 'आयेर बी उना पेलिकुला'. फुटबॉलचा सामना, प्रदर्शन यांनाही सहसा बेरच. टीव्हीला दोन्ही चालतात. लॅटिन अमेरिकेत मिरार बरेच ऐकू येते. उत्तर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत तर दिसण्यालाही मिरार म्हणतात, त्यामुळे तिथला माणूस 'नो मिरो नादा' म्हणाला तर त्याची चूक काढू नये.

वाक्याची बांधणी मात्र वेगळी. मराठीत 'मला समुद्र दिसतो', क्रियापद समुद्राप्रमाणे चालते. 'बेओ एल मार'मध्ये ते बघणाऱ्याप्रमाणे चालते. उलट एक गोष्ट आयतीच मिळते: 'समुद्र पाहिला' पण 'मारियाला पाहिले', तसेच 'बी एल मार' पण 'बी आ मारिया'. माणसाआधीचा हा 'आ' इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिश शिकणाऱ्यांना फार छळतो. आपण 'ला' आठवावा.

बारीक छटांना वेगळे शब्द आहेत. दूरवर अंधुक दिसले तर दिविसार, मुद्दाम लक्ष देऊन बघितले तर फिखार्से. थंडी किंवा कुणाचा बदललेला सूर जाणवला तर नोतार. तिथे डोळ्यांचा संबंध असलाच पाहिजे असे नाही.

बोलण्यात सर्वांत जास्त कानावर पडते ते 'आ बेर', अगदी आपले 'बघू!'. डॉक्टर जखम बघायला हात पुढे करताना म्हणतात, आई वही मागताना म्हणते. याचा उच्चार 'आबेर' (असणे) या क्रियापदासारखाच असल्याने लिहिताना जन्मापासून स्पॅनिश बोलणारेही गोंधळतात आणि एकाच्या जागी दुसरे लिहून मोकळे होतात.