परतीची प्रार्थना आणि जुने गोवे

गोव्यातील कॅथलिक घरांत संध्याकाळी कुटुंब एकत्र बसून जपमाळेची जी प्रार्थना करते, तिला तेर्स म्हणतात. तेर्स संपताना मृतांसाठी, आजाऱ्यांसाठी आणि परदेशी गेलेल्यांसाठी मागणे मागितले जाते; कुठे कुठे त्याच ओघात मिस्सेला, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेला, जाणे सोडलेल्या मुलाचे किंवा भावाचे नावही हळूच घेतले जाते. चर्चपासून दूर गेलेल्याने परत यावे, हे मागणे साधे वाटले तरी त्यामागे जवळजवळ पावणेअठराशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात एका कडव्या वादाने झाली.

इ.स. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियस याने प्रजेने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी तो पाळला, तर काहींनी बळी न देता पैसे मोजून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक चर्चच्या दाराशी परत आले. लॅटिनमध्ये त्यांना ‘लाप्सी’, म्हणजे घसरून पडलेले, असे नाव पडले. मराठीतील ‘पतित’ हा शब्द अर्थाने त्याच्या अगदी जवळ जातो; तरीही ‘दुरावलेले’ हाच शब्द मला अधिक योग्य वाटतो, कारण त्यात निवाडा नाही, केवळ अंतर आहे. अशांना क्षमा करून परत घेण्याचा अधिकार चर्चला नाही, अशी रोममधील धर्मगुरू नोव्हेशियनची भूमिका होती. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मात्र प्रायश्चित्तानंतर त्यांना सामावून घ्यावे, अशी बाजू मांडली आणि चर्चने तीच स्वीकारली. तरी वाट सोपी नव्हती. 325 मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने कोणताही धाक नसताना श्रद्धा सोडलेल्यांसाठी 12 वर्षांचे प्रायश्चित्त ठरवले, आणि त्यातील अखेरच्या दोन वर्षांत त्यांनी सर्व लोकांबरोबर प्रार्थना करावी, पण कम्युनियन, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकरीचा प्रसाद, घेऊ नये, असा नियम केला.

या प्रार्थनेला आईचा चेहरा मिळाला तो मोनिकामुळे. उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावच्या या स्त्रीचा मुलगा ऑगस्टिन तरुणपणी मानी या धर्मसंस्थापकाच्या पंथात गेला आणि सुमारे नऊ वर्षे तिथेच राहिला. त्याच्याशी वाद घालून त्याला परत आणावे, अशी विनंती तिने एका बिशपांना केली, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि त्याच्यासाठी फक्त प्रार्थना करण्यास सांगितले. ती रडत विनवतच राहिली, तेव्हा एवढ्या अश्रूंचा मुलगा नाश पावणे शक्य नाही, असे म्हणून त्यांनी तिला निरोप दिला. पुढे ऑगस्टिन तिला फसवून रात्रीच्या जहाजाने रोमला निघून गेला. ती रात्र मोनिकाने किनाऱ्याजवळच्या स्मारक-प्रार्थनागृहात रडत काढली, आणि ते स्मारक त्याच सिप्रियनचे होते. 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टिनचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी ओस्तिया बंदरात मोनिकाने देह ठेवला.

जुन्या गोव्याच्या मोंते सांतो टेकडीवरील सांता मोनिका मठ तिच्याच नावाने ओळखला जातो. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस हे स्वतः ऑगस्टिनियन, म्हणजे संत ऑगस्टिनच्या नावाच्या संन्यासी संघाचे, होते. त्यांच्या पुढाकाराने 1606 मध्ये मठाचे बांधकाम सुरू झाले आणि 1627 मध्ये ते पुरे झाले. मात्र याच शहरात, कॅथेड्रलजवळ, 1560 पासून इन्क्विझिशनचे, म्हणजे श्रद्धेविरुद्धच्या वर्तनाची चौकशी करणारे, न्यायालय बसत होते, आणि बाप्तिस्मा घेऊन पूर्वीच्या धर्माचरणाकडे वळलेल्यांना तिथे तुरुंगवास व जाहीर शिक्षा भोगाव्या लागत. मधला थोडा काळ वगळता ते न्यायालय 1812 पर्यंत चालले. एका टेकडीवर मुलासाठी रडणाऱ्या आईचे नाव आणि तिच्या पायथ्याशी शिक्षेची भीती, हे दोन्ही एकाच चर्चच्या छायेत होते, आणि गोव्यात या विषयावर लिहिणाऱ्याने ते टाळू नये, असे मला मनापासून वाटते. मोनिकेला त्या बिशपांनी दिलेला सल्ला इथे मानला गेला नाही.

तो मानणारा माणूसही गोव्यातलाच होता. बाणावलीत 1651 मध्ये जन्मलेले संत जुझे वाझ 1687 मध्ये श्रीलंकेत पोहोचले, तेव्हा डच राजवटीने कॅथलिक धर्मगुरूंना तिथे बंदी घातली होती. कित्येक वर्षे मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, अशा स्थितीत तिथले कॅथलिक कुणी भीतीने लपले होते, तर कुणी दुरावले होते. वाझबाब भिकाऱ्याच्या वेषात गळ्यात जपमाळ घालून जाफन्यात दारोदार फिरत, आणि ती माळ पाहून कुणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते ते पाहत. त्यांच्या हाती कोणतीही सत्ता नव्हती. 1711 मध्ये कँडी येथे त्यांचे निधन झाले. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद जाहीर केले.

एकोणिसाव्या शतकात या प्रार्थनेने संघटित रूप घेतले. 1836 मध्ये पॅरिसच्या एका चर्चमध्ये पाप्यांच्या परिवर्तनासाठी प्रार्थना करणारा संघ स्थापन झाला आणि त्याचे लोण दूरवर पसरले. लिझ्यूच्या संत तेरेजा यांनी 19 ऑगस्ट 1897 रोजी मृत्युशय्येवर घेतलेले अखेरचे कम्युनियन, चर्च सोडून गेलेल्या यासिंत लुआझों या, कार्मेलाइट संन्यासी संघातील माजी धर्मगुरूसाठी अर्पण केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये मिस्सेतील लोकांच्या सामूहिक विनंत्या पुन्हा सुरू केल्या. त्यामुळे घरात हळूच घेतले जाणारे हे मागणे वेदीसमोर सर्वांच्या वतीने, आणि गोव्यात कोकणीतून, मांडण्याची सोय झाली.

संत मोनिकेचा सण पूर्वी 4 मे रोजी असे. 1969 च्या दिनदर्शिका-सुधारणेत तो 27 ऑगस्टला आणण्यात आला. 28 ऑगस्ट हा तिच्या मुलाचा सण आहे.